न्यूयॉर्क-लंडन विमानप्रवास: वेळेतला फरक खरा, सांगितलं जाणारं कारण चुकीचं

‘पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून न्यूयॉर्कहून लंडनला विमान लवकर पोहोचतं आणि परतीला जास्त वेळ लागतो,’ असा मजकूर फिरतोय. जाताना साधारण सात तास, येताना आठ, हे बरोबर आहे. कारण मात्र ते नाही.

अंतर दोन्हीकडून सारखंच, सुमारे ५,५५० किलोमीटर. वातावरण पृथ्वीबरोबरच फिरतं आणि धावपट्टीवर उभं असलेलं विमानही त्याच गतीत असतं. त्यामुळे शहर विमानापासून दूर पळत नाही किंवा जवळही येत नाही. फरक पाडतात ते जेट स्ट्रीम, म्हणजे दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे. (त्यांची दिशा ठरवण्यात पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहे, हे मान्य करायलाच हवं, गोंधळ बहुधा इथेच होतो.) फेब्रुवारी २०२० मध्ये हे वारे इतके जोरात होते, की एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोहोचलं.

याच मजकुरात या प्रवासाला ‘बारा तास’ लागतात असंही म्हटलंय. तिकिटावरच्या दोन्ही वेळा स्थानिक असतात. लंडनचं घड्याळ बहुतेक वर्षभर पाच तास पुढे असतं, तेवढे त्यातून वजा करा.