धक्का, तोही दुसऱ्या गिअरमध्ये

आमच्या सोसायटीत कुणाच्या गाडीला काय लागतं हे वॉचमनला पाठ आहे. तळमजल्यावरच्या डॉक्टरांच्या गाडीला डिझेल लागतं, बी विंगमधल्या इंजिनिअरच्या गाडीला चार्जिंग लागतं आणि माझ्या गाडीला माणसं लागतात. सपाटीवर तीन, चढ असेल तर पाच. आईला कुठलीही गाडी लागते, पण तो विषय वेगळा.

माझी गाडी म्हणजे १९६६ सालची स्टँडर्ड हेराल्ड. मद्रासला तयार झालेली, दोन दारांची, फिकट निळी. निळा रंग कुठे संपतो आणि गंज कुठे सुरू होतो हे सकाळच्या उन्हात कळतं, संध्याकाळी कळत नाही. मी ती पाहायला संध्याकाळी गेलो होतो.

घरी सांगताना मी 'स्पोर्ट्स कार' असा शब्द वापरला. तो अगदीच खोटा नाही. विलायतेत १९५९ साली ट्रायम्फ हेराल्ड आली, तिचा आकार जोव्हानी मिकेलोत्ती या इटालियन माणसाचा. त्याच हेराल्डची चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, आखूड करून, त्याच मिकेलोत्तीने काढलेलं दोन सीटांचं उघडं अंग वर चढवून १९६२ साली ट्रायम्फ स्पिटफायर निघाली, आणि स्पिटफायर म्हणजे जातिवंत स्पोर्ट्स कार. १९६५ साली ती ल मॉंच्या २४ तासांच्या शर्यतीत धावली आणि आपल्या गटात पहिली आली. म्हणजे नातं सख्ख्या चुलत बहिणीचं. बहीण २४ तास धावली. आमची २४ मिनिटं सलग धावली तर मी घरी फोन करून कळवतो. पण घराण्यात एक कलेक्टर झाला की बाकीच्यांनी त्याच्या नावावर मिरवायचं, ही आपल्याकडची रीतच आहे. इंजिन ९४८ सीसीचं. "म्हणजे ताईच्या मारुती आठशेपेक्षा मोठं?" हिने आशेने विचारलं. मोठं आहेच. ताकद ४० घोड्यांच्याही आतली आणि त्यातले निम्मे आता पेन्शनीत निघालेले, हे मी सांगितलं नाही.

आमच्या नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पातल्या एका जुन्या पारशी बंगल्याच्या गॅरेजमध्ये ती बारा वर्षं उभी होती. मालक ऐंशीच्या पुढचे. सौदा पक्का व्हायच्या बेताला आला आणि लक्षात आलं की मागच्या सीटवर मांजर व्यायली आहे. "पिल्लांचे डोळे उघडू दे, मग ने गाडी," म्हातारबुवा म्हणाले, आणि त्यावर घासाघीस चालेना. तीन रविवार मी देवळालीला पिल्लांचे डोळे बघायला जात होतो. एखाद्या शहाण्या माणसाने या तीन रविवारांत गाडीखाली आडवं पडून चेसिस स्क्रू ड्रायव्हरने टोकरून पाहिली असती. हेराल्डचं सगळं बळ त्या वेगळ्या चेसिसमध्ये. ती कुजली असेल तर वरून कितीही पॉलिश मारा, खाली शेवयाच. मी पिल्लांना दूध पाजत होतो. शेवटी १ लाख ८० हजार रुपये मोजले, तेव्हा त्यांनी मला किल्ली, एक तडकलेला आरसा आणि एक पिल्लू दिलं. पिल्लू अजून उत्तम चालतं.

गाडी रस्त्यावर आली आणि प्रश्न सुरू झाले. पहिला प्रश्न ठरलेला, "किती देते?" सुरुवातीला मी इमानदारीत लिटरला दहा-अकरा म्हणायचो. हल्ली सांगतो, "देत नाही. घेते." त्यानंतर जे येतं तो प्रश्न नसतोच, ते निवेदन असतं: "आमच्या मामांकडे होती अशीच." या शहरातल्या झाडून सगळ्या मामांकडे हेराल्ड होती. एवढ्या गाड्या खरोखर निघाल्या असत्या तर मद्रासचा तो कारखाना आजही तीन पाळ्यांत चालला असता. मामांची आठवण निघाली की माणूस गाडीच्या टपावर हात ठेवतो, आणि टपावर हात ठेवलेला माणूस वीस मिनिटं हलत नाही. मी दूध आणायला गाडी नेणं बंद केलं ते बिघाडामुळे नाही, मामांमुळे.

नाशिकच्या द्वारका चौकातला प्रसंग मात्र सविस्तर सांगायला हवा. मे महिना, दुपारचे साडेबारा, आडगावच्या पुढच्या एका लॉन्सवर मेव्हणीच्या मुलीचा साखरपुडा. ही पैठणीत, मांडीवर आहेराची पिशवी. मुंबई नाका ओलांडेपर्यंत इंजिन गुणगुणत होतं. द्वारकेला सिग्नलचा लाल दिवा, मागे सहा रिक्षा, बाजूला सिटीलिंकची बस, वर उड्डाणपूल आणि त्याच्या सावलीतसुद्धा भट्टी. दिवा हिरवा झाला, गाडीने दोन उचक्या दिल्या आणि ती गप्प झाली.

याला मेकॅनिक लोक 'एअर घेतली' म्हणतात. खरं तर ती हवा नसते. पेट्रोलची नळी इंजिनच्या धगीने एवढी तापते की आतलं पेट्रोल उकळतं, त्याची वाफ होते, आणि पंप बिचारा ती वाफच चोपत बसतो. कार्ब्युरेटरकडे थेंब सरकत नाही. उपाय जुना आणि रामबाण: पंपावर ओलं फडकं. पाणी होतं, फडकं नव्हतं. मी हिच्या मांडीवरच्या पिशवीकडे पाहिलं.

"हात लावायचा नाही," ही म्हणाली. "व्याह्यांचा टॉवेल-टोपी आहे तो."

"टोपी राहू दे," मी म्हटलं.

मी उतरून दोन्ही बाजूंची कडी सोडली आणि बॉनेट उघडलं. आता हेराल्डचं बॉनेट म्हणजे नुसतं झाकण नव्हे. दिवे, मडगार्ड, नाक, सगळं तोंडच्या तोंड एकसंध पुढे कलंडतं आणि चाकं उघडी पडतात. मागचा रिक्षावाला ओरडला, "काका, तुटली! पुढनं तुटली!" दोघं-तिघं धावत आले ते अपघात समजून. मी शांतपणे पुढच्या टायरवर बसलो (ही या गाडीतली सर्वांत आरामशीर बैठक आहे), नवाकोरा टॉवेल बाटलीतल्या पाण्याने भिजवला आणि तापाच्या माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा पंपावर ठेवला. चर्रर्र झालं.

तोवर गर्दी पुरेशी जमली होती. एक म्हणाला चोक ओढा, दुसरा म्हणाला कॉइल गेली, तिसऱ्याने कुणी न विचारता उसाचा रस आणला. ट्रॅफिक पोलीस शिट्टी वाजवत आले. आता पावती, असं वाटेपर्यंत त्यांचा हात टपावर गेला. "आमच्या मामांकडे होती," पोलीसमामा म्हणाले. मामांनाही मामा होते.

आणि मग सुरू झाला तो सोहळा. "हात लावा रे!" असं मामांनी म्हणायचा अवकाश, आठ-दहा जण मागे लागले. मी किल्ली फिरवली, दुसरा गिअर टाकला, क्लच दाबून धरला. पहिल्यात धक्का देऊन चाकं अडतात, तिसऱ्यात इंजिन पुरेसं फिरत नाही. दुसरा गिअर हाच. गाडीने वेग घेतला, मी क्लच सोडला, एक हिसका, एक काळा ढग, आणि चालू! मागे टाळ्या. आता थांबलो तर पुन्हा बंद, म्हणून मी खिडकीतून हात हलवत तसाच आडगावच्या दिशेने सुटलो. अमृतधामला बाजूच्या सीटकडे पाहिलं. तिथे आहेराची पिशवी होती. ही मागे धक्का देत होती.

ती रिक्षाने आली आणि माझ्याआधी पोहोचली. व्याह्यांना टोपी आणि नारळ मिळाला.

गाडीचे डॉक्टर म्हणजे भद्रकालीतले एक चाचा. त्यांच्याआधी मी सातपूरला एका चकचकीत गॅरेजमध्ये गेलो होतो. तिथल्या पोराने १३ चा पाना लावला आणि अर्ध्या मिनिटात नट गोल करून दाखवला. दोष त्याचा नाही. गाडीचे नट इंचातले. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, १३ चा पाना त्यावर सैल बसतो, फिरतो आणि कोपरे खातो. चाचांनी पोत्यातून काळाकुट्ट पाना काढला, "चार सूत," म्हणजे अर्धा इंच, म्हणाले, आणि तो नटावर असा बसला की मला जुळलेली पत्रिका आठवली. त्यांनीही पुढे पत्रिकाच मागितली. ठिणगीची वेळ साधणाऱ्या पॉइंटची फट १५ थाऊ, म्हणजे इंचाचे १५ हजारांश, लागते, ती मोजायचं फिलर गेज कुठे गेलं ते नातवालाच माहीत, पण लग्नपत्रिकेचा जाड कागद बरोबर तेवढा असतो म्हणे. ग्लोव्ह बॉक्समध्ये मिळालेल्या पत्रिकेतून त्यांनी नेमका मुहूर्ताचा तुकडा फाडला. गाडी सुरेख चालू झाली. लग्नाला आम्ही तासभर उशिरा पोहोचलो.

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. ते जुन्या रबराला सोसत नाही, नळ्या फुगतात, चिरतात. चाचांनी सगळ्या नळ्या बदलल्या आणि म्हणाले, "साहब, पुराने जमाने की है, इसको पीने की आदत नहीं."

कागदपत्रांचं फार सांगत नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांवरच्या मूळ रूपातल्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते. नवीन नोंदणीला २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं. मी मोठ्याने अटी वाचत होतो. प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला नेता येईल, रोजच्या वापराला नाही. ही भाजी निवडत होती. "रोज वापरायची नाही ही अट गाडी आपणहूनच पाळते की," ती म्हणाली. मी साधंच नूतनीकरण करून घेतलं. पेठ रोडला आरटीओत तपासणीच्या वेळी साहेबांनी स्वतः एका खांद्याने रेटा दिला, त्यामुळे माझ्या गाडीला शासनाचाही हातभार आहे.

परवाच्या रविवारची गोष्ट. मिसळ खायला जायचं म्हणून सकाळी आठला खाली उतरलो. धक्क्याची मंडळी नेहमीप्रमाणे हजर: वॉचमन, बी विंगमधली दोन पोरं, इंजिनिअर आणि पहिल्या मजल्यावरचे निवृत्त नाना, जे धक्का देत नाहीत पण 'हं, आता!' म्हणतात. पोरांनी बाह्या सरसावल्या होत्या. मी सहज किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या हाकेला चालू झाली. धूर नाही, उचकी नाही.

कुणी काही बोललं नाही. वॉचमन हात झटकत गेटकडे वळला. नानांचं 'हं' तोंडातच राहिलं. धाकटं पोरगं माझ्याकडे असं बघत होतं की जणू मी त्याचा पतंग कापला.

मी हळूच किल्ली उलटी फिरवली. "छे," म्हटलं, "बंद पडली पुन्हा. या रे, हात लावा."

त्यांनी सोसायटीला तीन फेऱ्या मारल्या. ती काही परत चालू झाली नाही. मिसळीला रिक्षाने गेलो.