सात मिनिटं तंबोऱ्याला

आज दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमात गायिका तंबोरे जुळवत होत्या आणि मागच्या रांगांतून कुणीतरी ओरडलं, "अहो ताई, करा की सुरू आता!" लोक हसले. काहींनी टाळ्या वाजवल्या. दुपार उलटली तरी ते हसणं डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय.

कार्यक्रम सहाचा होता. सहा वाजून पंचवीस मिनिटांपर्यंत दीपप्रज्वलन, प्रायोजकांचं मनोगत, शाल, श्रीफळ, फोटो आणि एक पाहुणे राहून गेले म्हणून पुन्हा फोटो. त्या पंचवीस मिनिटांत कुणाचा आवाज निघाला नाही. मग गायिका बसल्या, मागे दोन शिष्या, दोन तंबोरे. जुळवायला लागली सात मिनिटं. त्यातल्या चौथ्या मिनिटाला हे वाक्य आलं. पंचवीस मिनिटांचे सत्कार आपल्याला चालतात आणि ज्यासाठी पहाटे उठून अभ्यंगस्नान उरकून आलो, त्या गाण्याच्या पायाभरणीला सात मिनिटं द्यायला आपण तयार नाही?

आणि राग कोणता, तर ललत. ललतात पंचम, म्हणजे प, नाही. एरवी तंबोऱ्याच्या चार तारा प, सा, सा, सा अशा असतात: पहिली मंद्र पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या, म्हणजे एकाच सा वर लावलेल्या, शेवटची खर्जाची, म्हणजे खालच्या सा ची. ललताला पहिली तार शुद्ध मध्यमावर, म्हणजे म वर, आणावी लागते. ऐकायला सोपं वाटतं, एक स्वर खाली आणायचा. पण पंचमावरून मध्यमावर येताना त्या तारेचा ताण जवळपास एक पंचमांशाने कमी होतो. दांडीवरचा आणि भोपळ्यावरच्या लाकडी तबलीवरचा भार तेवढा हलका झाला की उरलेल्या तीन तारा किंचित चढतात. म्हणजे एक तार बदलली की चारही पुन्हा बघाव्या लागतात. शिवाय सैल केलेली तार घोडीवर (तबलीवरचा तो छोटा पूल, ज्यावरून तारा जातात) आणि दांडीच्या वरच्या टोकाच्या पट्टीवर जरा अडकून राहते, मग वाजवता वाजवता सुटते आणि सूर हलतो. म्हणून जाणकार हात तार आधी मध्यमाच्याही खाली नेतो, बोटाने हलकेच ओढून बसवतो आणि मग खालून वर येत मध्यम गाठतो. आज ती शिष्या नेमकं हेच करत होती. आपल्याला ते चाळा वाटलं.

"ग्रीनरूममध्ये जुळवून आणता येत नाही का?" हा प्रश्न मध्यंतरात चहाच्या रांगेत दोघांनी विचारला. आणतात हो. प्रत्येक जण जुळवूनच आणतो. पण बंद खोलीतून तंबोरा उघड्या मैदानावर येतो, बाहेर दव, आणि रंगमंचावर बसल्यावर वरून दिव्यांचा झोत. उष्णतेने तार लांबते, ताण कमी होतो, सूर उतरतो. सगळ्या तारा सारख्या उतरल्या असत्या तर निदान आपापसात तरी जुळून राहिल्या असत्या. तसं होत नाही. जोडीच्या तारा पोलादाच्या आणि आजच्या तंबोऱ्यांना खर्जाची तार पितळेची होती. पितळ पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावतं, म्हणजे दिव्याखाली जोड आणि खर्ज एकमेकांपासून दूर सरकायला लागतात. तबल्याची गत उलटी. दवाने ओली झालेली पुडी, म्हणजे तबल्याचं कातडं, सैल पडून उतरते आणि दिव्याच्या उष्णतेने सुकली की ताणली जाऊन चढते. एकाच दिव्याखाली तंबोरा खाली निघालाय आणि तबला वर! तबलजी हातोडी घेऊन गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या विणलेल्या काठावर, ठोकत बसतो, एकेक घर बघतो, तो काय वेळ काढायला?

बरं, "कान आहेत ना, लावा पटकन" असंही नाही. काळी चारचा (हार्मोनियमच्या सप्तकातली चौथी काळी पट्टी) सा म्हणजे सेकंदाला साधारण २०८ कंपनं. जोडीतली एक तार २०८ वर आणि दुसरी २०९ वर असेल तर दर सेकंदाला आवाजाचा एक झोला ऐकू येतो, फुगतो आणि बसतो. खुंटीने तिथवर येता येतं. पुढचं काम मण्यांचं. घोडीच्या खालच्या बाजूला तारेत ओवलेला मणी केसाएवढा खाली सरकवला की सूर चढतो, वर घेतला की उतरतो. तो झोला लांबत लांबत नाहीसा होतो आणि दोन तारांची एक तार होते. ज्याने हे एकदा जवळून ऐकलंय, त्याला पुन्हा सांगावं लागत नाही.

हे झालं जोडीचं. मग खर्ज, मग मध्यम, मग जवारी, म्हणजे तारेचा तो गुंजणारा, खुलणारा आवाज. घोडीचा माथा सपाट नसतो, त्याला अगदी सूक्ष्म उतार असतो आणि तार त्याला घासत कंप पावते. तारेखाली सरकवलेला सुती दोरा ती नेमकी कुठे घासेल ते ठरवतो. दोरा कणभर पुढे-मागे झाला की तोच तंबोरा एकतर खणखणीत पत्र्यासारखा वाजतो नाहीतर मुका होतो. मधे कुठेतरी एक जागा असते, तिथे तार अचानक उघडते. दवात दोरा ओलसर होतो आणि लावलेली जागा दबते, म्हणून मग पुन्हा नखाने सरकवा, पुन्हा छेडा. आठ तारांचं हे काम. सात मिनिटं लागली म्हणजे त्या मुलीचा हात चांगलाच तयार आहे!

आणि हे सगळं कशासाठी, तर त्या गांधारासाठी, म्हणजे ग साठी. खर्जाच्या तारेवर गांधार कुणी लावलेला नसतो, पण तारेच्या मूळ कंपनांबरोबर तिच्या पाचपट कंपनंही चालू असतात आणि तो असतो शुद्ध गांधार. आपले बुजुर्ग त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. खर्ज १०४ वर असेल तर हा ५२० वर बोलतो. आता दोन तंबोऱ्यांच्या खर्जात अर्ध्या कंपनाचाच फरक राहिला असं धरा. खर्जात तो जाणवणारही नाही, पण गांधारात पाचपट होऊन सेकंदाला अडीच झोले देतो आणि गांधार थरथरतो. गायिकेला त्याच गांधाराला टेकून गायचं असतं. पेटी तिच्या मदतीला येत नाही, कारण अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर पेटीचा गांधार तंबोऱ्याच्या गांधारापेक्षा जवळपास चौदा भाग चढा असतो.

आता चीड येते ती याची. ते वाक्य आल्यावर गायिका हसल्या. मोठ्या मनाच्या आहेत. ललत सुंदर झाला, पाऊण तास, त्यातला कोमल रिषभ तर असा लागला की पुढच्या रांगेतले एक काका डोळे मिटून मान हलवतच राहिले. पण त्यानंतर नाट्यपद होतं, त्याला पंचम हवा. म्हणजे तीच पहिली तार आता मध्यमावरून वर पंचमावर. आणि या वेळी त्यांनी घाई केली. शिष्येला डोळ्यांनीच "असू दे, असू दे" केलं. मिनिटभरात तार चढवली आणि सुरुवात. ताणून चढवलेली तार बसायला वेळ मागते आणि बसताना उतरते. तशीच उतरली. नाट्यपदाच्या मध्यापर्यंत एका तंबोऱ्याचा पंचम स्पष्ट खाली गेला होता. मागे बसलेली मुलगी वाजवता वाजवता डाव्या हाताने मणी शोधत होती आणि तिचा चेहरा रडवेला झाला होता. ओरडणाऱ्या गृहस्थांना हे दिसलं नसेल. ते मोबाइल उंच धरून चित्रीकरण करत होते.

हो, इलेक्ट्रॉनिक तंबोरा आहे, मोबाइलवरचं अॅप आहे, रियाजाला आणि प्रवासाला ते फार सोयीचं आहे, मान्य. ज्या कलाकाराला तंबोऱ्याची साथ करायला माणूस मिळत नाही त्याने ते लावावं, त्यात कमीपणा नाही. पण दोन अस्सल तंबोरे समोर असताना "अॅप लावा ना मग" म्हणणं हे ताज्या फुलांच्या हारासमोर उभं राहून कागदाची फुलं मागण्यासारखं आहे.

हेच लोक डिसेंबरात सवाईला, म्हणजे पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाला, जाणार. १९५३ साली पंडित भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला महोत्सव. भीमसेनजींचे गुरू सवाई गंधर्व, त्यांचे गुरू खाँसाहेब अब्दुल करीम खाँ, आणि खाँसाहेबांनी घर केलं ते मिरजेत. त्याच मिरजेत तंबोरे घडतात. पंढरपूरच्या बाजूचे भोपळे, तुणीचं लाकूड, पिढ्यान्‌पिढ्या जवारी काढणारी बोटं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आपण सगळ्यांनी ती बातमी अभिमानाने शेअर केली होती. मी पण केली होती. मग तो तंबोरा समोर आल्यावर त्याला सात मिनिटं का मिळू नयेत?

संयोजक मंडळींना हात जोडून सांगते, कारण तुमच्यातले बरेच जण माझ्या यादीत आहात आणि मनापासून राबता हे मला माहीत आहे. सहाचा कार्यक्रम असेल तर तंबोरे पाचलाच रंगमंचावर येऊ द्या, गवसणीतून, म्हणजे खोळीतून, काढून, आणि कार्यक्रमात जेवढे दिवे लागणार तेवढे सगळे त्याच वेळी लावा. अर्ध्या तासात लाकूड आणि तारा तिथल्या हवेला सरावतात, मग जुळवलेलं टिकतं. सत्कार करायचेच असतील तर कलाकार बसण्याआधी उरका किंवा मध्यंतरानंतर घ्या. जुळवणं झालं आणि मग सत्कार, असं अजिबात नको. तेवढ्यात सगळं पुन्हा हलतं. जुळवताना निवेदकांनी विनोद सांगून वेळ भरू नये. त्यांचा हेतू चांगला असतो, पण त्यांच्या आवाजात तो झोला ऐकू येत नाही. ध्वनीवाल्या दादांना सांगा की तंबोऱ्यांचा आवाज गायकाच्या मॉनिटरमध्ये हवा, आणि त्यावर एको नको, कारण एकोमध्ये दोन तारांमधला फरक झाकला जातो आणि गायकाला खोटा सूर ऐकू येतो. आणि तारा बदलायच्या असतील तर त्या तीन-चार दिवस आधी. नवी तार पहिले दोन दिवस ताणतच राहते. हे कलाकार जाणतातच, पण तंबोरे तुम्ही कुणाकडून मागवून ठेवत असाल तर तुम्हालाच बघावं लागेल. खुंटी घसरत असेल तर तिच्या निमुळत्या भागाला खडू घासा आणि पिळताना आत दाबा. अडकत असेल तर सुका साबण. हातोडीने ठोकू नका, दांडीला चीर जाते.

लिहिता लिहिता राग जरा निवला. त्या ओरडणाऱ्या गृहस्थांबद्दलही वाटतं की त्यांना कुणी कधी सांगितलंच नसेल. घरी स्पीकरवर गाणं लावलं की पहिल्या सेकंदाला सुरू होतं. जुळवणी कापून टाकलेलीच रेकॉर्डिंग आयुष्यभर ऐकली तर समोरचा माणूस वेळ काढतोय असं वाटणारच. पण हसलेल्या इतरांना तरी माहीत होतं ना? त्यातले निम्मे दरवर्षी पहिल्या पाच रांगांत असतात. त्यांनी मान वळवून एक नजर टाकली असती तरी पुरे होतं.

पाडवा पहाट आणि भाऊबीज पहाट अजून बाकी आहेत. जाल तेव्हा पंधरा मिनिटं आधी जा आणि मधोमध बसण्यापेक्षा तंबोऱ्याच्या बाजूला बसा. जोड लागताना झोला ऐका. खर्ज छेडला की लगेच काही शोधू नका, आवाज विरायला लागेल तेव्हा कान द्या. गांधार तेव्हा येतो. आज सातव्या मिनिटाला आला होता. त्या मुलीने हात थांबवला, गायिकेकडे बघितलं, आणि गायिकेने डोळे मिटून हळूच मान हलवली.