‘आमच्या’ विरीचं इंजिन

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या रविवारी अबू धाबीची शर्यत संपली आणि पॅरिसजवळच्या विरीत बनणारं रेनॉ या फ्रेंच कंपनीचं फॉर्म्युला वनमधलं इंजिन कायमचं थांबलं. त्याच रात्री घरच्या ग्रुपवर दादाचा मेसेज आला: ‘पस्तीस तास काम करणाऱ्यांचं इंजिन शेवटी बंदच पडणार.’ खाली सहा अंगठे.

दादाचा रोख माझ्यावर होता. मी फ्रान्समध्ये राहतो, आणि इथे कायद्यानं आठवड्याला पस्तीस तास काम. सप्टेंबरपासून हा वाद चाललाय. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं कारखान्यातली रोजची कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारावर न्यायला मंजुरी दिली, तेव्हा मी ग्रुपवर विरोधात लिहिलं. त्यावर ‘तिकडे बसून बोलायला काय जातंय’ इथपासून ‘नारायण मूर्ती आठवड्याला सत्तर तास म्हणाले ते उगाच नाही’ इथपर्यंत सगळं ऐकून घेतलं. पण विरीच्या लोकांना आळशी म्हटलेलं मला सहन झालं नाही.

मी पॅरिसजवळ जुविझीत राहतो. विरी-शातियाँ आमच्या शेजारचं गाव. ए-सिक्स महामार्गावरून जाताना रेनॉची ती इमारत दिसते. शर्यतीच्या गाड्या बनवणारा अमेदे गोर्दिनी १९६९ मध्ये आपली कार्यशाळा घेऊन तिथे आला, तेव्हापासून तिथे शर्यतीची इंजिनं बनतायत. १९७७ मध्ये इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनला यांनी पहिल्यांदा टर्बो इंजिन, म्हणजे दाबून जास्त हवा भरलेलं इंजिन, उतरवलं. ते इतकं धूर ओकायचं की इंग्रज त्या गाडीला ‘पिवळी किटली’ म्हणून हसले. दोन वर्षांनी फ्रान्समधल्या दिजाँला ड्रायव्हर जाबुईनं तीच टर्बो पहिल्या क्रमांकावर आणली, आणि मग हसणारे सगळे टर्बोच्या मागे लागले. इंजिन फार जोरात फिरायला लागलं की व्हॉल्व्हची स्प्रिंग मागे पडते. स्प्रिंगच्या जागी दाबलेली हवा वापरायची युक्ती १९८६ मध्ये विरीतूनच आली, आणि आज प्रत्येक फॉर्म्युला वन इंजिनात ती असते. १९९२ ते १९९७ सलग सहा वर्षं संघांचं विजेतेपद याच इंजिनाकडे गेलं, पुढे ड्रायव्हर अलोन्सोची दोन आणि फेटलची चार विजेतेपदंही. हे काम घड्याळाकडे बघत बसणाऱ्यांच्या हातून झालेलं नाही.

माझ्या मजल्यावरच एक जण राहतो, विरीत मशीनवर होता. मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत त्याचे शनिवार-रविवार मी क्वचितच घरी पाहिले. आरटीटी, म्हणजे पस्तीसच्या वर केलेल्या तासांची भरपाई रजा, घेऊन बायकोबरोबर फ्रान्समधल्याच ब्रिटनीला जायचं तो दर वर्षी ठरवायचा.

निर्णय झाला ३० सप्टेंबर २०२४ ला. २०२६ पासून रेनॉच्याच आल्पीन संघाच्या गाडीत विकतचं इंजिन बसवायचं (नोव्हेंबरमध्ये ते मर्सिडीजचं ठरलं), कारण स्वतः बनवण्यापेक्षा विकत घेणं कितीतरी स्वस्त. इंजिन ताकदीत थोडं मागे होतं, हे कोणी नाकारत नाही. पण २०२६ च्या नियमांचं नवं इंजिन विरीत आकाराला येत होतं. ऑगस्टमध्येच तिथल्या लोकांनी एक दिवस काम थांबवलं, काही जण इटलीत मोंझाच्या शर्यतीच्या स्टँडमध्ये जाऊन बसले. दादाला वाटतं फ्रेंच माणूस सुट्टीसाठी संप करतो. या लोकांनी संप केला तो आपल्याला काम करू द्या म्हणून. निर्णयानंतर साधारण महिनाभरानं, ३ नोव्हेंबरला, ब्राझीलच्या पावसात आल्पीनचा ओकॉन दुसरा आला आणि गास्ली तिसरा. बंद करायचं ठरलेल्या इंजिनावर! त्या रात्री शेजाऱ्याच्या घरातून आरडाओरडा ऐकू आला, मग बराच वेळ काहीच नाही.

रेनॉचे प्रमुख असलेल्या ज्या लुका दे मेओंच्या काळात हे ठरलं, ते २०२५ मध्ये रेनॉ सोडून केरिंगला गेले, गुच्ची ज्यांची आहे त्या समूहाला. तिथे कोणी त्यांचे तास मोजले असतील असं मला वाटत नाही.

दादा, तू नाशिकचा आहेस. तुझ्याच गावात महिंद्रा आणि रेनॉनं मिळून लोगान ही गाडी काढली होती. चार मीटरच्या वर लांब म्हणून तिला छोट्या गाडीची करसवलत मिळाली नाही, खप बसला, आणि २०१० मध्ये रेनॉ भागीदारीतून बाहेर पडली. तेव्हा तू म्हणालास का, की नाशिकचे कामगार आळशी म्हणून रेनॉ गेली?

आणि बाबांचं काय? नाशिकच्याच सातपूरला बाबा ओव्हरटाइम धरून बारा-बारा तास करायचे. रात्रपाळीहून आले की डबा मोरीत ठेवून बसल्या जागी झोपायचे. आई आम्हाला आवाज करू द्यायची नाही. तरी कंपनी बंद पडलीच. फाटकावर नोटीस लागली त्या दिवशीसुद्धा बाबा पाळीच्या दहा मिनिटं आधी पोचले होते. पुढे काही वर्षं हिशेबाच्या पैशांसाठी कोर्टात खेटे घातले. बारा तासांची बाजू घेणाऱ्या दादानं हे पाहिलंय. तो आमच्याच घरी राहून शिकला.

माझ्या रागातला निम्मा भाग या आठवणीचा आहे. मी इथे संध्याकाळी साडेसहाला घरी असतो, मुलीला पोहायला नेतो, ऑगस्टमध्ये तीन आठवडे रजा घेतो, आणि दर वेळी बाबांनी हे कधीच उपभोगलं नाही हे मनात येतं. ते बोलून दाखवता येत नाही, म्हणून ग्रुपवर भांडतो.

गेल्या आठवड्यात लिफ्टमध्ये शेजारी भेटला. त्याला त्याच इमारतीत दुसरं काम मिळालंय, हायपरटेक म्हणतात त्याला आता. ‘तुला परत जायला एक देश तरी आहे,’ तो म्हणाला. वाईट हेतूनं नाही. सातपूरचं घर आम्ही २०१६ मध्येच विकलं, हे मी त्याला सांगितलं नाही.

दादाला मी लांबलचक उत्तर लिहिलं. त्यात एका ठिकाणी ‘आमच्या विरीतले लोक’ असं लिहून गेलो. दादानं बाकी सगळं सोडून तेवढाच शब्द उचलला: ‘आमच्या?’

दोन दिवस झाले, मी काही लिहिलेलं नाही. कंपनी बंद होऊन दहा वर्षं झाली तरी सातपूरवरून बस जाताना बाबा खिडकीतून बोट दाखवायचे. पत्रे गेलेले, आत बाभळी वाढलेल्या, भिंतीवर नावाची अर्धीच अक्षरं उरलेली. पहिल्यांदाच नाशिकला आलेल्या पाहुण्याला ते सांगायचे, ‘ही आमची कंपनी.’