अडकलेला बोल्ट आणि पाच मिनिटांचा जालीम उपाय

पावसाळा तोंडावर आला, विहिरीवरची इंजिनं आणि घरच्या मोटारसायकली उघडायची वेळ झाली, की जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर तो मेसेज परत फिरायला लागतो. मजकूर थोड्याफार फरकानं असा: बोल्ट जाम झाला तर त्यावर कोल्ड्रिंक ओता, पाच मिनिटांत गंज विरघळेल. नाही निघाला तर पान्याला दोन फुटी पाईप लावा. तरीही नाही, तर लालबुंद तापवून वर गार पाणी मारा. फिरवायचं ते फक्त सोडायच्या बाजूला. आणि शेवटी ठरलेली ओळ: ‘मेकॅनिक हे सांगणार नाही, त्याचा धंदा बसेल.’

मेकॅनिकचा धंदा बसत नाही, उलट जोरात चालतो. घरी पाईप लावून बोल्ट तोडलेला माणूस शेवटी त्याच्याच दारात येतो, आणि मग दहा-वीस रुपयांच्या बोल्टपायी इंजिनाचं अख्खं हेड उतरवून लेथवाल्याकडे न्यावं लागतं.

कोल्ड्रिंकच्या गोष्टीत थोडं तथ्य आहे, म्हणूनच ती टिकून आहे. काळ्या कोल्ड्रिंकमध्ये फॉस्फोरिक आम्ल असतं, त्याचा सामू (पीएच) अडीचच्या आसपास भरतो. गंजका खिळा त्यात रात्रभर बुडवला तर सकाळी बराच उजळलेला दिसतो. पण खिळा चहूबाजूंनी बुडालेला असतो. हेडमध्ये बसलेल्या बोल्टचा गंज असतो आत, आट्यांच्या फटीत. वरून ओतलेलं बहुतेक खाली ओघळून जातं आणि मागे साखर राहते. इंजिन तापलं की तिचं काळं चिकट पुट, आणि त्यावर माती. शिवाय मोटारसायकलच्या इंजिनाची खोकी बहुतेक ॲल्युमिनियमची असतात, आम्ल त्यांनाही सोडत नाही.

फटीत शिरायला पातळ तेल लागतं. गंज सोडवायचा स्प्रे मिळतो तो घ्या. नसेल तर डिझेलही चालतं, फक्त सावकाश. खरी गरज वेळेची आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून आटे पाचर ठोकल्यासारखे आवळले जातात. संध्याकाळी तेल सोडायचं, बोल्टच्या डोक्यावर सरळ, बेताचे चार-सहा ठोके द्यायचे. ठोक्यानं गंजाला तडे जातात, तेलाला वाट मिळते. सकाळी पुन्हा तेच. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात ठिबकमधून पांढरं पोटॅश सोडतात, त्यातलं क्लोराईड लोखंडाचं वैरी. खताच्या टाकीजवळच्या पंपाचे बोल्ट एका रात्रीत ऐकतील अशी आशा ठेवू नये, दोन-तीन दिवस द्यावेत.

आता पाईप. याचा हिशेब एकदा मांडूनच बघा. दोन फूट म्हणजे साधारण 60 सेंटिमीटर. टोकाला 30 किलोचा जोर दिला, जो कुठलाही धडधाकट माणूस सहज देतो, तर बोल्टवर 18 किलो-मीटरचा (पिळाचं माप, किलो गुणिले मीटर) पीळ पडतो. इंजिनावरचा 8 मिमीचा, 8.8 दर्जाचा (हा आकडा ताकदीचा) बोल्ट आवळतात साधारण अडीच किलो-मीटरवर. म्हणजे सातपट! 6 मिमीच्या, दहा नंबरचा पाना लागणाऱ्या बोल्टचं तर बोलायलाच नको, त्याला एक किलो-मीटर पुरतो. बोल्ट निघत नाही, मान मोडते.

आणि पुष्कळदा मुळात बोल्ट हट्टी नसतोच, पाना ढिला असतो. घासलेला फिक्स पाना किंवा बाराकोनी रिंग पाना फक्त कोपऱ्यांवर जोर देतो. कोपरे गोल झाले की खेळ संपला. छकोनी गोटी (सॉकेट) डोक्यावर पूर्ण बसवा, डोक्यावरचा गंज-माती आधी ब्रशनं काढा. मोटारसायकलच्या साईड कव्हरला चौफुली स्क्रू असतील तर साध्या स्क्रू ड्रायव्हरनं झटापट करूच नका. हातोडीनं मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या: ठोका बसतो तसा तो आत दाबतो आणि त्याच झटक्यात थोडा फिरवतो. माझ्या मते घरी काम करणाऱ्यानं पहिल्यांदा घ्यावं असं हत्यार हेच.

हाताला काय जाणवतं तिकडेही लक्ष हवं. ‘टक्’ असा कोरडा आवाज येऊन बोल्ट सुटला तर उत्तम. पण जोर वाढतोय, पाना फिरतोय आणि बोल्ट रबरासारखा नुसता ताणल्यागत वाटतोय, तर तिथेच थांबा. तो पिळला जातोय.

तापवण्याचा सल्ला अर्धा बरोबर आहे, आणि उरलेला अर्धा सगळ्यात घातक. उष्णता काम करते, पण कुठे द्यायची ते मेसेजमध्ये नाही. तापवायचं बोल्टच्या भोवतालचं अंग किंवा नट. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे खोकं तापलं की भोक सैल होतं. ‘लालबुंद’ होण्याची वाट बघाल तर मात्र फसाल: ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं आणि त्याआधी डोळ्याला दिसण्याजोगं लाल होत नाही. जसंच्या तसं दिसणारं खोकं अचानक खाली बसतं. पोलादी बोल्ट लाल केला तर त्याचा कडकपणा जातो, आणि लाल असताना गार पाणी मारलं तर ठिसूळ होण्याचा धोका. बिडाच्या हेडवर पाणी मारणं म्हणजे तडा हातानं ओढवून घेणं. थुंकी चुरचुरेल इतकं तापलं तरी पुष्कळ. त्याआधी पेट्रोलची टाकी उतरवा, आणि नुकत्याच मारलेल्या स्प्रेवर ज्योत लावू नका.

मोडलाच बोल्ट, तर ईझी आऊट (मोडका बोल्ट काढायचं उलट्या आट्यांचं कडक हत्यार) घालून पिळत बसू नका. ते आत तुटलं तर साधं ड्रिल त्याला चरत नाही. थोडं टोक वर असेल तर वेल्डिंगवाल्याकडून त्यावर नट जोडून घ्यावा. पकडही मिळते आणि वेल्डिंगच्या उष्णतेनं आटेही सुटतात. गाडीवरच वेल्डिंग करणार असाल तर बॅटरीच्या वायरी काढून ठेवा.

राहिली दिशेची गोष्ट. फक्त सोडायच्या बाजूला ओढणं चूक. आधी आवळायच्या बाजूला किंचित हलवा, गंजाची पकड तिथे मोडते. मग पाव फेरा मागे, थोडा पुढे, तेलाचा थेंब, पुन्हा मागे. सुटलेला बोल्टही एका दमात बाहेर ओढला तर गंजाचा चुरा आट्यांत अडकून अर्ध्यावर परत जाम होतो. सायलेन्सरचे बोल्ट परत बसवताना आट्यांना तांब्याची अँटी-सीझ पेस्ट, म्हणजे आटे पुन्हा जाम होऊ न देणारी, लावावी. साधं ग्रीस तिथे जळून जातं. आणि पेस्ट लावल्यावर नेहमीपेक्षा हात थोडा हलका ठेवावा, कारण घर्षण कमी झालं की तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो.