‘काविळीच्या टेस्ट खोट्या’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सांगली-मिरजेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचा गोषवारा असा: हेपॅटायटिस बी आणि सी (यकृताला सूज आणणारे विषाणू) यांच्या अँटिबॉडी टेस्ट, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिनं रक्तात शोधणाऱ्या टेस्ट, ही निव्वळ लुबाडणूक. लस घेतलेल्यालाही पॉझिटिव्ह, एका लॅबमध्ये पॉझिटिव्ह तर दुसरीकडे निगेटिव्ह, औषधाने बरा झालेल्यालाही पॉझिटिव्हच. तेव्हा टेस्टच्या नादी लागू नका, डोळे पिवळे झाले तर बघा. यातली निरीक्षणं बरीचशी खरी आहेत. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, आणि तो कुणाच्या तरी जिवावर बेतेल.

आधी लसीचं. हेपॅटायटिस बीची लागण आहे का, हे बघायची मुख्य टेस्ट एचबीएसएजी. ती अँटिबॉडी शोधतच नाही, विषाणूच्या कवचावरचं प्रथिन शोधते. लसीने तयार होते ती या प्रथिनाविरुद्धची अँटिबॉडी, अँटी-एचबीएस. तिचा आकडा १० किंवा त्याहून जास्त आला तर संरक्षण मिळालंय असं समजतात. लसीत विषाणूचा गाभा नसतो, म्हणून गाभ्याविरुद्धची अँटी-एचबीसी लागण होऊन गेलेल्यांतच सापडते. नुकता डोस घेतला असेल तर १८ दिवसांपर्यंत एचबीएसएजी तात्पुरती पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून डोसची तारीख डॉक्टरांना सांगा.

दोन लॅबचे दोन रिपोर्ट, हा मुद्दा नीट समजून घेण्यासारखा आहे. हेपॅटायटिस सीची टेस्ट बऱ्याच ठिकाणी कार्डवर होते: कार्डावरच्या ‘C’ (कंट्रोल) अक्षरापाशी एक रेघ, म्हणजे कार्ड नीट चाललं; ‘T’ (टेस्ट) पाशी दुसरीही आली तर पॉझिटिव्ह. समजा शिबिरात १००० जण तपासले आणि खरी लागण ५ जणांना आहे. कार्डाने पाचही पकडले. उरलेल्या ९९५ मध्ये ते शंभरातून एकदाच चुकतं असं धरलं, तरी दहाएक निरोगी माणसं पॉझिटिव्ह ठरतात. म्हणजे पंधरातले दहा चुकीचे. तेच कार्ड १०० जणांना लागण असलेल्या हजारांच्या गटात वापरलं, तर १०० खरे आणि ९ चुकीचे. कार्ड तेच, गट बदलला. म्हणूनच कार्डावर पॉझिटिव्ह आलं की तिथे थांबायचं नसतं, पुढे आरएनए टेस्ट, म्हणजे रक्तात खुद्द विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधणारी टेस्ट, करायची असते. उलट, लागण ताजी असेल तर अँटिबॉडी दिसायला ८ ते ११ आठवडे लागू शकतात. आरएनए एक-दोन आठवड्यांत दिसतो.

बरा झालेल्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह राहणारच. अँटिबॉडी ही लागण होऊन गेल्याची खूण आहे, विषाणू आत्ता अंगात आहे याची नव्हे. सीची लागण झालेल्यांपैकी साधारण तिसरा हिस्सा तर औषधाशिवायच विषाणूमुक्त होतो, तरी अँटिबॉडी मागे राहते. सीवरच्या सोफोसबुविर-डॅक्लाटासविरसारख्या गोळ्यांचा कोर्स संपल्यावर १२ आठवड्यांनी आरएनए तपासतात. तो सापडला नाही, म्हणजे रोग गेला. त्यानंतर पुन्हा कार्ड टेस्ट करून घाबरण्यात काही अर्थ नाही.

आणि डोळ्यांवर भिस्त? सीची नवी लागण झालेल्या बहुतेकांना काहीच त्रास होत नाही. कावीळ उतरवणाऱ्याकडे चुन्याचं पाणी पिवळं झालं म्हणजे रक्तातला विषाणू निघाला, असं होत नाही. हेपॅटायटिस ए आणि ई या विषाणूंची कावीळ बहुतेकांची आपोआप बरी होते, आणि श्रेय त्या पाण्याला मिळतं. बी आणि सी मात्र वर्षानुवर्षं गप्प राहून यकृत खराब करतात.

माझा खरा राग शेवटच्या सल्ल्यावर आहे, कारण हा मेसेज गरोदर बायकाही वाचतात. आईला हेपॅटायटिस बी असेल आणि जन्मताच बाळाला ती लागण झाली, तर दहातल्या नऊ बाळांत ती कायमची राहते. आईची एचबीएसएजी आधी झालेली असेल तर बाळाला पहिल्या २४ तासांत लस आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिनचं (तयार अँटिबॉडीचं) इंजेक्शन द्यायची तयारी ठेवता येते. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर बी-सीची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. सांगली किंवा मिरजेच्या सिव्हिलमध्ये चौकशी करा, आणि जाताना जुना रिपोर्ट सोबत न्या.