एका हातात बॅट, दुसऱ्या हातात विंग

पिंगपाँग, म्हणजे टेबल टेनिस, खेळायच्या बारमध्ये जायचं ठरलं असेल तर आधी खेळू, मग खाऊ असला शिस्तीचा विचार मनातून काढून टाका. पैसे दोन्हीचे मोजणार, तर दोन्ही एकाच वेळी झालं पाहिजे. हा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये सुरू झाला तेव्हा माणसं जेवण उरकायची आणि मग वेळ घालवायला खेळायची. त्यांना घाई नव्हती. तुमचं टेबल तासाच्या बोलीवर आहे.

त्यातली पहिली पंधरा मिनिटं मेन्यू वाचण्यात घालवा. जपान, कोरिया, थायलंड आणि तैवान तिथे एकाच पानावर गुण्यागोविंदाने नांदत असतात आणि चौघांवर एकच तिखट मेयोनीज ओतलेलं असतं. त्यालाच आशियाई प्रेरणा म्हणतात.

मागवायचं काय, याला एकच उत्तर : कोरियन पद्धतीच्या विंग्ज, म्हणजे कोंबडीचे पंख. या दोनदा तळतात. पहिल्यांदा मांस शिजावं म्हणून, दुसऱ्यांदा कातडीतला उरलासुरला ओलावा उडावा म्हणून. मग गोचुजांग, म्हणजे आंबवलेल्या मिरचीची गोडसर पेस्ट, त्यात लसूण आणि साखर घालून वरून चोपडतात. साखर आली की चिकटपणा आला. विंग उजव्या हाताने खा आणि त्याच हाताने बॅट उचला, तीही मुठीला नव्हे, थेट रबराला धरून. टॉपस्पिन बसतो तो रबर चेंडूला क्षणभर पकडून ठेवतं म्हणून. त्यावर तेलाचा पातळ थर बसला की चेंडू घसरतो. मनगट फिरतं, चेंडू फिरत नाही आणि निमूट जाळीत जातो. आता जाळी उंच बांधली आहे अशी तक्रार करा (ती 15.25 सेंटिमीटरच असते). ओल्या कापडाने पुसून बॅट कोरडी केली तर रबर पुष्कळसं ताळ्यावर येतं, म्हणून तसं करू नका. टी-शर्टला पुसा. रबर तेवढंच तेलकट राहतं, शिवाय शर्टही जातो.

बिअरचा ग्लास टेबलावरच ठेवा, शक्यतो तुमच्या बॅकहँडच्या कोपऱ्यात. टेबल 76 सेंटिमीटर उंच असतं, हाताला अगदी सोयीचं. थंड ग्लासाखाली पाण्याचं गोल कडं उमटेल. चेंडू त्यावर पडला की उसळायचं सोडून सरपटत निघून जातो. त्याला खास सर्व्हिस म्हणून खपवा. ग्लास सावरायला मोकळा हात टेबलावर टेकलात, तर नियमाने पॉइंट समोरच्याचा. पण तो त्या वेळी दोन काड्यांनी ग्योझा, म्हणजे जपानी मोमो, पकडत असतो, त्याला दिसणार नाही.

सर्व्हिस करताना चेंडू उघड्या तळहातावरून किमान 16 सेंटिमीटर वर उडवायचा असतो. तळहातावर बाओ असेल तर हा नियम आपोआप शिथिल होतो, असं ठणकावून सांगा. बाओची काळजी नको. वाफवलेली पोळी आहे, गार झाली की कडक होते. तुम्ही रॅली संपवून येईपर्यंत ती बॅटीच्या मुठीला पाचर म्हणून चालेल. किमची फ्राइजना मात्र थांबवत नाही. किमचीचं, म्हणजे आंबवलेल्या कोबीचं, पाणी बटाट्यात मुरतं आणि पहिल्या गेमच्या मध्यावरच ताटलीत आंबट लगदा होतो. तो चमच्याने खा. एडामामेच्या, म्हणजे कोवळ्या सोयाबीनच्या, शेंगा सुटसुटीत, फक्त दाणे ओठांनी ओढून घ्यायचे, हात जवळजवळ कोरडे राहतात. अशी गोष्ट कशाला मागवायची?

डबल्समध्ये जोडीदारांनी आळीपाळीने मारायचं असतं. मारलं की बाजूला सरकून वाट द्यायची, सगळं कसब तेवढंच. तुम्ही सरकू नका. मारून झाल्यावर तिथेच उभं राहून आपल्या फटक्याकडे कौतुकाने बघा. पुढचा आवाज जोडीदाराच्या कोपराचा असेल.

गेम 21चाच खेळा. 2001 पासून तो 11चा झाला आणि सर्व्हिस पाचाऐवजी दोन-दोन झाल्या, हे कोणीतरी सांगेलच. त्याला पुढची ऑर्डर द्यायला काउंटरवर पाठवा. 21चा गेम वेळेत संपत नाही, त्यामुळे हरायची भीती राहत नाही.

राहता राहिला चेंडू. व्यास 40 मिलिमीटर, वजन 2.7 ग्रॅम, आणि बुटाखाली यायची विलक्षण हौस. तडकला तर उसळताना फुटक्या मडक्यासारखा बद्द वाजतो. खेळत राहा, संगीतात कुठे ऐकू येतंय. नुसता चेपला असेल तर उपाय आहे. गरम पाण्यात धरला की आतली हवा प्रसरण पावते आणि खड्डा बऱ्याचदा बाहेर येतो. आता बारमध्ये गरम पाणी कुठून आणणार? शेजारच्या टेबलावर रामेन, म्हणजे गरम सूपमधले नूडल्स, आलेलं असतं. त्यात सोडा. चेंडू हलका, तो तरंगणारच. मिनिटभराने नूडल्स बाजूला सारून अंड्याच्या अर्ध्या फोडीशेजारून चमच्याने अलगद काढा आणि ज्याचं रामेन आहे त्यालाच विचारा, सर्व्हिस कोणाची होती.