बंदूक चकाचक आहे हो, पण फोनवरचा चोर कोण पकडणार?

सकाळी सकाळी आमच्या जुन्या बँकवाल्यांच्या ग्रुपवर फोटो येऊन पडले. जळगावला हायवेवरच्या एका हॉटेलात कुठल्याशा बँकेच्या सुरक्षा अधिकाऱ्यांचं एक दिवसाचं प्रशिक्षण. विषय: 'फसवणूक व गुन्हे प्रतिबंध'. भलामोठा फ्लेक्स, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, दुपारी भरीत-पुरी. कोणीतरी वेळापत्रकाचाही फोटो टाकलेला, तो मी मुद्दाम मोठा करून वाचला. आग विझवण्याचं सिलिंडर कसं वापरावं. बारा बोअरच्या बंदुकीची निगा. सायरन, सीसीटीव्ही. जेवण. आणि शेवटच्या चहाआधी अर्धा तास 'सायबर जागरूकता'. फसवणूक कुठे गेली? ती फ्लेक्सवर होती ना!

डोकं सणकलं म्हणून लिहायला बसलोय. लांबेल. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी लाइक करून पुढे जावं.

माझी मोठी आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. तालुक्याच्या गावी एकटी असते, मुलगा पुण्याला. मागच्या हिवाळ्यात ती एफडी मोडायला बँकेत गेली. हातात फोन, स्क्रीन छातीशी दाबून धरलेली. दारातल्या गार्डला ती एरवी पोराबाळांची चौकशी केल्याशिवाय आत जात नाही. त्या दिवशी मान वर नाही. तो म्हणाला, "आक्का, पानी देऊ का?" तिने नुसती मान हलवली. काय काम काढलं विचारलं तर म्हणे, "पोऱ्याले पैसा धाडना शेतस."

आता गंमत अशी, की पोरगाच तिला दर महिन्याला पाठवतो, हे तिनेच गार्डला दहादा कौतुकाने सांगितलेलं. तो एक शब्द बोलला नाही. पैसे काढायची स्लिप घेतली, उलटी केली, त्यावर लिहिलं, 'फोनवर कोण आहे?' आणि पेन तिच्या हातात दिलं. तिने त्या शाळामास्तरणीच्या वळणदार अक्षरात खाली लिहिलं, 'सीबीआय'.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. गार्डने मॅनेजरला उठवून आणलं, फोन बंद केला, पैसे वाचले. कायद्यात 'डिजिटल अरेस्ट', म्हणजे व्हिडिओ कॉलवर बसवून केलेली अटक, नावाची चीजच नाही, हे पंतप्रधानांनी २०२४ च्या ऑक्टोबरात 'मन की बात'मध्ये देशाला सांगितलं होतं. आत्याने ते ऐकलंही होतं. पण पोलिसाच्या वेशातला माणूस रात्रभर व्हिडिओवर समोर बसला की ऐकलेलं सगळं कुठल्या कुठे जातं.

तर त्या गार्डला हे कोणी शिकवलं? कोणीही नाही! पोरीने मोबाइलवर एक रील दाखवली होती, म्हणाला. बँकेने काही नाही, एजन्सीने त्याहून नाही. खासगी सुरक्षा एजन्सींचा २००५ चा कायदा आहे, त्याखाली केंद्राचे आदर्श नियम आहेत. गार्डला १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष प्रशिक्षण, माजी सैनिकाला कमी. अभ्यासक्रमात स्फोटकं ओळखणं आहे, प्रथमोपचार आहे, आणि पोलीस-लष्कराच्या हुद्द्यांचे बिल्ले ओळखणंसुद्धा आहे. बिल्ले! आत्याच्या स्क्रीनवरच्या त्या भामट्याच्या खांद्यावरही बिल्ले होतेच की.

मी बँकेत आयुष्य घालवलंय, म्हणून आतलं सांगतो. दरोडा आणि आग सुरक्षा खात्याकडे. फसवणूक दक्षता खात्याकडे. सायबर म्हणजे मुंबईतले साहेब. तिघांचे रिपोर्ट वेगळे, मीटिंगा वेगळ्या. बिचारा सुरक्षा अधिकारी, बहुतेक फौजेतून आलेला शिस्तीचा माणूस, नवापूरपासून रावेरपर्यंत शाखा तपासत फिरतो. त्याच्या हातातल्या फॉर्मवर बंदुकीच्या परवान्याची तारीख असते, सिलिंडर कधी भरलं ते असतं, सायरन वाजतो का ते असतं. 'वयस्कर ग्राहक घाबरलेला दिसला तर शाखेत काय करतात?' हा रकाना मी तरी कधी पाहिला नाही. त्याच्यावर राग नाही माझा. त्याला जे शिकवलं ते तो इमानदारीने तपासतो.

आणि हो, मान्य, बंदूक-सिलिंडरही लागतंच. कापसाचे पैसे घेऊन शेतकरी बाहेर पडतो, कोणीतरी "काका, तुमच्या नोटा पडल्या" म्हणतो, तो वाकतो, पिशवी गायब. मोटरसायकलची डिक्की फोडून रक्कम नेतात. ते जुने धंदे आपल्याकडे बंद झालेले नाहीत. ठीक आहे. शिकवा तेही.

पण मोठी रक्कम आता कुठून जाते? काउंटरवरून, ग्राहकाच्या स्वतःच्या सहीने! रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक सगळे तोंडावर फेकतात, तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. अहो, ते तिसऱ्याच कोणी परस्पर पैसे उडवले तर, ज्यात ग्राहकाचाही दोष नाही आणि बँकेचाही. आत्याने आरटीजीएसच्या फॉर्मवर सही केली असती तर बँकेने हात वर केले असते, 'मॅडम, तुम्हीच पाठवलेत'. एकदा पैसा गेला की तो एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून पाचात. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करेपर्यंत निम्मा गायब. म्हणजे अडवायची शेवटची जागा कोणती? शाखेचं दार. तिथे कोण उभा असतो?

ती पाच खाती तरी कुठून येतात? आपल्याच गावांतून. एकच पोरगा दर आठवड्याला वेगवेगळे मजूर घेऊन खातं उघडायला येतो. मजुराच्या हातात कोरं सिमकार्ड, फॉर्म पोरगा भरतो, पासबुक आणि एटीएम कार्ड पोराच्या खिशात. मजुराला दोन-पाच हजार. अशी भाड्याची खाती हुडकायला रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने 'म्यूलहंटर' नावाची यंत्रणा काढली आहे, चांगलंच आहे. पण ती खात्यातले व्यवहार बघून बोलणार. तो पोरगा चौथ्यांदा आला हे दारातल्या माणसाला त्याच दिवशी दिसतं. मग दिसल्यावर त्याने कोणाला सांगायचं? लिहायचं कुठे? हे त्याला कोणी सांगितलंय?

आता कोणीतरी कमेंटमध्ये म्हणेलच, गार्डने ग्राहकाच्या खात्यात नाक खुपसू नये. बरोबर आहे, खुपसू नये. "माझे पैसे, तू कोण विचारणारा?" म्हणून अंगावर येणारेही मी पाहिलेत. म्हणूनच तर शिकवायला हवं ना, की काय विचारायचं, किती विचारायचं आणि कुठे थांबून मॅनेजरला बोलवायचं! त्या गार्डने रक्कम विचारली नव्हती. फक्त स्लिप उलटी केली होती.

असं काही त्या हॉटेलात करून घेतलं असतं तर मी स्वतः शाल पाठवली असती. एकाने आत्या व्हायचं, एकाने फोनवरचा साहेब, एकाने गार्ड. तासभर. पेनड्राइव्ह आणून लावलेल्या स्लाइडींपेक्षा शंभरपट डोक्यात राहिलं असतं. आणि दुपारी जेवायला गार्डही असते. फोटोत मला एकही दिसला नाही. ते एजन्सीचे ना, बँकेचे नाहीत, त्यांना कशाला बोलवायचं!

लिहिता लिहिता आत्याला फोन केला. ती म्हणाली, तो गार्ड आता तिथे नाही. एजन्सीचं कंत्राट बदललं, तो एका जिनिंगच्या गेटवर ट्रक मोजतो. बँकेने त्याला साधं पत्रही दिलं नाही. संक्रांतीला आत्या तिळगूळ घेऊन त्याच्या घरी जाऊन आली. जिनिंगमध्ये काम वाईट आहे असं नाही, पण त्या शाखेच्या दारात आता कोणीच नाही. खर्च परवडत नाही म्हणे. असेल बुवा.

माझ्या मित्रयादीत झोनल ऑफिसला बसलेले तिघं-चौघं आहात, नावं घेत नाही, तुम्हाला कळलंय. पुढच्या बॅचचं वेळापत्रक तुमच्याच टेबलावर येणार. सिलिंडरचा तास सकाळी उरका. जेवणानंतरचा अख्खा वेळ फसवणुकीला द्या, आणि एजन्सीला मेल टाका की गार्डही पाठवा, त्या दिवसाचा पगार न कापता. स्लिपचा किस्सा सांगायला आत्या यायला तयार आहे, मी विचारलंय. मानधन नको म्हणाली, गाडी तेवढी पाठवा.